शंकू, काँक्रीट आणि निविदेचा कागद

ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. पुढची मार्गिका कामासाठी बंद आहे हे चालकाच्या ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंतचा वेळ रस्ते अभियंते अडीच सेकंद धरतात. तेवढ्यात गाडी ७० मीटर पुढे गेलेली असते आणि बेताने ब्रेक लावल्यास ती थांबेपर्यंत आणखी ११० मीटरांहून अधिक रस्ता लागतो. वेग ६० वर आला, तर हे १८५ मीटरांच्या आसपासचे एकूण अंतर ८५ मीटरांच्या आत येते, कारण ब्रेकना जिरवावी लागणारी गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

मात्र नुसता फलक लावल्याने वेग उतरत नाही. सुट्टीच्या दिवशी, एकही कामगार नसताना वेगमर्यादेचा फलक तसाच उभा राहिला, की खरे काम सुरू असतानाही चालक त्याला जुमानत नाही. म्हणून काम थांबताच फलक झाकण्याची सक्ती मला दंड वाढवण्याइतकीच महत्त्वाची वाटते. दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपून मधल्या टप्प्यातील सरासरी वेग काढणारे कॅमेरेही उपयोगी पडतात. एका कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून पुढे सुसाट निघण्याची सोय त्यांत उरत नाही.

तरीही एखादी गाडी भरकटतेच. प्लास्टिकचा शंकू वाट दाखवतो, गाडी अडवत नाही. काँक्रीटच्या अडथळ्याचा पायाकडचा भाग उतरता असतो. तिरकस येणारे चाक त्यावर थोडे चढते आणि गाडी पुन्हा रस्त्याच्या दिशेने वळते. पण तो आणायला क्रेन लागते, पैसे लागतात. सुरक्षेचा खर्च एकूण बोलीत मिसळलेला असेल, तर शंकूंवर भागवणारा कंत्राटदार स्वस्त ठरतो आणि नीट काम करणारा निविदा हरतो. अमेरिकेत २००८ पासून लागू असलेल्या संघराज्य नियमाने संघीय निधीच्या महामार्ग कामांत हा खर्च असंबंधित बाबींमध्ये मिसळायला मनाई केली, ती म्हणूनच.

अडथळ्याच्या आतही धोका असतोच, कारण मागे येणाऱ्या टिपरच्या चालकाला चाकामागे वाकलेला माणूस दिसत नाही. टिपरना उलटे यावेच लागणार नाही असा फेरा आणि कामगारांची वेगळी पायवाट आखता येते. फक्त ही आखणी काम सुरू होण्यापूर्वी हवी असेल, तर ती निविदेतच मागावी लागते.