गजकर्ण

गजकर्ण : (नायटा, सं. दद्रु, हिं. दाद). त्वचेचा बाह्य थर, केस व नखे यांतील केराटीन या प्रथिनावर उपजीविका करणाऱ्या कवकांमुळे (बुरशींमुळे) होणारा सांसर्गिक त्वचारोग. या कवकांना त्वक्कवके म्हणतात. ती सामान्यतः त्वचेच्या मृत थरापलीकडे खोल शिरत नाहीत. संसर्ग एका बिंदूपाशी सुरू होऊन चोहोबाजूंनी बाहेर सरकतो, मधला भाग काही काळाने निवळतो आणि कडेला बारीक पुटकुळ्या व खवले असलेली, किंचित उंचावलेली तांबूस रेघ राहते. रोगाला कड्यासारखा आकार येतो तो यामुळे. जांघ, कंबर, काख, स्तनांखालील घडी अशा घाम साचणाऱ्या जागी तो अधिक आढळतो. मुलांच्या डोक्यातील, नखांतील व पायाच्या बोटांच्या बेचक्यांतील प्रकारांची कारणे व उपचार काहीसे वेगळे असल्याने त्यांचा विचार येथे केलेला नाही.

नाव व प्राचीन उल्लेख : ‘गजकर्ण’ या नावाची व्युत्पत्ती निश्चित नाही. चट्ट्याचा पसरट, वळणदार कडेचा आकार हत्तीच्या कानासारखा दिसतो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. जुनाट चट्ट्यावरील जाड, खरखरीत, करड्या कातडीवरून हे नाव पडले असे दुसरे. रोग अंगावर मुरल्यानंतरची कातडी पाहिली असता दुसरे स्पष्टीकरण अधिक पटण्यासारखे वाटते. बोलीत ‘गचकरण’ असाही उच्चार रूढ आहे. गजकर्णी या झुडपाला मात्र त्याच्या औषधी उपयोगामुळे रोगाचेच नाव मिळाले असावे.

आयुर्वेदीय संहितांत दद्रूची गणना कुष्ठांत केली आहे. तेथे कुष्ठ हा शब्द आजच्या कुष्ठरोगापुरता मर्यादित नसून त्वचाविकारांच्या मोठ्या वर्गाचा वाचक आहे. चरकसंहितेने दद्रूला अकरा क्षुद्रकुष्ठांत ठेवले आहे, तर सुश्रुतसंहितेने सात महाकुष्ठांत; सिध्म या दुसऱ्या त्वचाविकाराच्या बाबतीत दोन्ही संहितांचा क्रम नेमका उलट आहे. चरकाने दिलेली खाज, लाली, पुटकुळ्या व उंचावलेले मंडल ही लक्षणे आजच्या गजकर्णाशी चांगली जुळतात. सुश्रुताचे वर्णन अळशीच्या फुलाच्या किंवा तांब्याच्या रंगाचे आणि पसरत जाणारे असे आहे. त्यावरून दोघांसमोर एकच रोग होता असे ठामपणे म्हणता येत नाही. पावसाळ्याच्या आरंभी ज्याची कोवळी पाने भाजीसाठी खुडतात त्या टाकळ्याची चक्रमर्द व दद्रुघ्न ही संस्कृत नावे त्याच्या बियांच्या लेपाच्या जुन्या उपयोगाची साक्ष देतात.

गोवा पावडर : एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात गजकर्णावर ‘गोवा पावडर’ नावाचे पिवळसर-तपकिरी चूर्ण विकले जाई. मुंबईतील औषधविक्रेते केम्प यांनी १८६४ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. त्याचे मूळ कोणाला ठाऊक नव्हते आणि नावामुळे ते गोव्यातीलच एखाद्या वनस्पतीचे असावे असा समज होता. १८७४ मध्ये जोसेफ फेरर यांनी त्याच्या उपयोगाविषयी लिहिल्यावर ब्राझीलमधील बाहिया येथील वैद्य सिल्वा लिमा यांनी हे चूर्ण म्हणजे त्यांच्याकडील ‘अरारोबा’च असल्याचे दाखवून दिले. अरारोबा हा ब्राझीलमधील एका वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत साचणारा पदार्थ असून पोर्तुगीज जहाजांमार्फत तो गोव्यात व तेथून मुंबईत येत असावा. अॅटफील्ड यांनी त्यातील मुख्य द्रव्य क्रायसोफॅनिक अम्ल आहे असे सांगितले होते. लीबरमान व झायडलर यांनी १८७८ मध्ये ते चूक ठरवून त्याला क्रायसारोबिन हे नाव दिले. हे द्रव्य कातडीला झोंबते आणि कपड्यांवर न निघणारे डाग पाडते. तरीही सोरायसिसवर ते गुणकारी ठरले, व त्याच्या रेणूवरून पुढे बेतलेले डिथ्रॅनॉल विसाव्या शतकात दीर्घकाळ वापरात राहिले. गजकर्णाच्या औषधाने दुसऱ्याच रोगाच्या उपचाराला वाट करून दिली.

कारक कवके : रोगाच्या वैद्यकीय नावातील लॅटिन ‘टिनिया’ या शब्दाचा मूळ अर्थ लोकरी कपड्यांना लागणारी कसर असा आहे, आणि ‘रिंगवर्म’ या इंग्रजी नावातही किडाच आहे. रोगाचे कारण कवक असल्याचे रोबेर्ट रेमाक (१८३७), योहान शोनलाइन (१८३९) व पॅरिसमधील डेव्हिड ग्रुबी (१८४१ पासून) यांच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. रेमान साबुरो यांनी या कवकांचे संवर्धन (प्रयोगशाळेत वाढवणे) व वर्गीकरण पद्धतशीर केले. त्यांच्या नावाचे संवर्धन-माध्यम प्रयोगशाळांत आजही वापरतात. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात भारतातील गजकर्णाचे प्रमुख कारण ट्रायकोफायटॉन रुब्रम हे कवक होते.

भारतातील साथ : साधारणपणे २०१३-१४ नंतर देशाच्या अनेक भागांतील त्वचारोगतज्ज्ञांना गजकर्णाचे स्वरूप बदललेले जाणवू लागले. चट्टे मोठे व अनेक असत, चेहऱ्यावरही दिसत, घरातील सर्वांना एकाच वेळी होत आणि पूर्वी दोन ते चार आठवड्यांत बरे करणाऱ्या औषधाने ते बरे होत नसत किंवा औषध थांबताच परतत. बदलाचा नेमका आरंभ कोणत्या वर्षी व कोणत्या प्रदेशात झाला हे उपलब्ध नोंदींवरून ठरवता येत नाही, कारण त्या काळी बहुतेक ठिकाणी कवकाचे संवर्धन केले जात नसे. निदान पाहूनच होई.

प्रजातीविषयीचा वाद : साथीतील कवक संवर्धनात ट्रायकोफायटॉन मेंटॅग्रोफायटिस किंवा ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटेल यांच्यासारखे दिसते, आणि सुरुवातीच्या भारतीय शोधनिबंधांत त्याचा निर्देश यांपैकी कोणत्याही एका नावाने केलेला आढळतो. त्यामुळे त्या काळातील आकडेवारीची परस्पर तुलना जपून करावी लागते. रिबोसोमी जनुकांमधील आयटीएस या पट्ट्याच्या क्रमवाचनावरून (डीएनएतील घटकांचा क्रम वाचून) पिएत्रो नेनॉफ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ते ट्रायकोफायटॉन मेंटॅग्रोफायटिसचा जनुकप्रकार ८ ठरवले. त्याच वर्षी दिल्लीतील वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील अनुराधा चौधरी यांच्या गटाने संपूर्ण जीनोमांच्या (पेशीतील सर्व जनुकीय द्रव्याच्या) तुलनेवरून भारतीय नमुने एकमेकांशी जवळजवळ एकरूप असून दोन्ही जुन्या प्रजातींपासून वेगळे पडतात, असे दाखवले. २०२० मध्ये रुई कानो व सहकाऱ्यांनी जपानमध्ये राहणाऱ्या एका भारतीय व एका नेपाळी रुग्णाकडून मिळालेल्या नमुन्यांच्या आधारे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही नवी प्रजाती वर्णिली.

स्वतंत्र प्रजातीच्या बाजूने प्रामुख्याने तीन गोष्टी मांडल्या जातात : जीनोमांतील एकजिनसीपणा, माणसापासून माणसाला होणारा प्रसार आणि टर्बिनाफीन या औषधाला वारंवार आढळणारा प्रतिकार. विरोधी मत असे की, आयटीएस पट्ट्यातील फरक अत्यल्प आहेत, प्रयोगशाळेतील ठोकळ चाचण्यांनी हे कवक त्याच्या आप्तांपासून खात्रीने वेगळे काढता येत नाही, आणि औषध-प्रतिकार हा प्रजातीचे लक्षण मानण्याजोगा गुण नव्हे. शेवटचा आक्षेप रास्त आहे. मात्र लैंगिक मीलनाला लागणाऱ्या दोन संभोग-प्रकारांपैकी अभ्यासलेले नमुने एकाच प्रकाराचे आढळल्याने, ट्रायकोफायटॉन मेंटॅग्रोफायटिसच्या लैंगिक पुनरुत्पादन करणाऱ्या समूहातून एखादी शाखा सुटून पुढे केवळ अलैंगिक रीतीने फोफावली, हे अनुमान सध्या सर्वांत सयुक्तिक दिसते. तिला प्रजाती म्हणावे की कृंतक (क्लोन, म्हणजे एकाच जनकाची अलैंगिक संतती) म्हणावे हा त्यापुढे काहीसा गौण प्रश्न ठरतो. अलीकडील बहुतेक लेखनात इंडोटिनी हेच नाव रूढ झाल्याने या नोंदीतही तेच वापरले आहे. रोगांच्या नावांत देशाचे नाव टाळावे अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये केली होती. ती सूचना जीवजातींच्या नावांना लागू नाही, हे खरे असले तरी हे नाव सुचवताना थोडा अधिक विचार झाला असता तर बरे झाले असते.

शाखेचे उगमस्थान भारतच, असेही निश्चित म्हणता येत नाही. हाच जनुकप्रकार इराणमध्येही आढळला आहे. ट्रायकोफायटॉन रुब्रम हे कवकही आग्नेय आशिया व लगतच्या प्रदेशांतून प्रवासी व सैनिकांबरोबर जगभर गेले असे मानतात.

औषध-प्रतिकार : टर्बिनाफीन हे औषध कवकातील स्क्वालीन इपॉक्सिडेज या एंझाइमाला अडवते. त्यामुळे पेशीपटलाला लागणारे एर्गोस्टेरॉल बनत नाही आणि पेशीत स्क्वालीन साचून ती मरते. प्रतिकारक नमुन्यांत या एंझाइमाच्या जनुकात उत्परिवर्तन असते व त्यामुळे ३९३ व्या किंवा ३९७ व्या स्थानावरील ॲमिनो अम्ल बदलते; ३९७ व्या स्थानी फेनिलॲलनिनाच्या जागी ल्युसीन येणे हा बदल विशेष आढळतो. औषधाचा रेणू तेथे नीट बसत नाही, एंझाइमाचे काम मात्र चालू राहते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील अभ्यासात सुमारे एक-तृतीयांश नमुने प्रतिकारक होते. त्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या देशातील अनेक केंद्रांच्या अभ्यासात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास होते. दोन्ही ठिकाणचे रुग्ण व पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांतील फरक म्हणजे दोन वर्षांतील वाढ, असा अर्थ काढू नये. ॲझोल वर्गातील (उदा., इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल) औषधांबाबतचा प्रतिकार वेगळ्या मार्गाने येतो : लक्ष्य-एंझाइमाच्या एका जनुकाच्या प्रती एकापुढे एक वाढत जातात, असे २०२२ मध्ये दाखवण्यात आले.

स्टेरॉईडयुक्त मलमे : क्लोबेटॅसॉलसारखे तीव्र स्टेरॉईड, एखादे प्रतिजैविक व एखादे कवकरोधक यांची एकत्रित मलमे भारतात चिठ्ठीवाचूनही सहज मिळत आली आहेत. अशा मलमाने दोन दिवसांत खाज व लाली जाते, रुग्ण समाधान पावतो आणि प्रतिकारशक्ती दबल्यामुळे कवक निर्वेध पसरते. वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ उमटते, कड पुसट होते, जांघेत पांढरट पट्टे पडतात व कातडी पातळ होते. स्टेरॉईडमुळे ओळख हरवलेल्या या रूपाचे वर्णन आइव्ह व मार्क्स यांनी १९६८ मध्येच केले होते. साथीचे मूळ कारण ही मलमेच, असे अनेक भारतीय तज्ज्ञ मानतात. परंतु ती साथीच्या आधीही वर्षानुवर्षे विकली जात होती. म्हणून त्यांना एकमेव कारण मानण्यापेक्षा प्रतिकारक शाखेला मोकळे रान देणारा घटक मानणे अधिक सुसंगत दिसते. केंद्र शासनाने २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याच्या १४ स्टेरॉईडांना अनुसूची एचखाली आणले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीविना त्यांची विक्री नियमबाह्य ठरली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ज्या ३२८ संयुक्त औषधांवर बंदी घातली त्यांत अशी काही मलमे होती.

निदान : चट्ट्याच्या मध्यभागी कवक विरळ असते, म्हणून खवले कडेवरून बोथट पात्याने खरवडून काचपट्टीवर घेतात, त्यांवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून पट्टी किंचित गरम करतात व पेशी विरघळल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींच्या अंधूक फरशीतून आडवेतिडवे जाणारे, आडपडदे असलेले, फांद्या फुटलेले चकचकीत तंतू दिसले की कवकसंसर्गाचे निदान पक्के होते. या चाचणीला फारसा खर्च येत नाही. ती प्रजाती मात्र सांगू शकत नाही. संवर्धनाला दोन ते चार आठवडे लागतात. अनेक रोगजंतू काही मिनिटांत ओळखणारे वस्तुमान-वर्णपटमापक यंत्रही इंडोटिनी व तिचे आप्त यांत सहसा गल्लत करते. खात्रीसाठी क्रमवाचन किंवा त्यासाठीच बेतलेली पीसीआर चाचणी लागते.

उपचार : ग्रिझिओफुल्विन हे १९३९ मध्ये एका पेनिसिलियममधून वेगळे केलेले द्रव्य १९५८ पासून पोटात घेण्याचे पहिले परिणामकारक औषध ठरले. १९९० नंतर टर्बिनाफीन व इट्राकोनाझोल यांनी त्याची जागा घेतली. वाराणसी येथे प्रत्येकी १०० रुग्णांच्या चार गटांवर केलेल्या व २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत आठ आठवड्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण इट्राकोनाझोल ६६, फ्लुकोनाझोल ४२, टर्बिनाफीन २८ व ग्रिझिओफुल्विन १४ टक्के होते. दिल्लीतील एका चाचणीत (२०२२) इट्राकोनाझोलच्या दररोज १००, २०० व ४०० मिग्रॅ. मात्रांची तुलना केली असता मोठ्या मात्रेने गुण थोडा लवकर आला, तथापि १०० व २०० मिग्रॅ. यांत लक्षणीय फरक दिसला नाही आणि रोग परतण्याचे प्रमाण तिन्ही गटांत बरेच होते.

इट्राकोनाझोल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे साखरेच्या बारीक गाभ्यांवर औषधाचा लेप देऊन तयार केलेल्या गोळ्या कॅप्सूलमध्ये भरतात. या गोळ्यांची संख्या, आकार व सारखेपणा यांवर औषधाचे शोषण अवलंबून असल्याने, निरनिराळ्या उत्पादकांच्या कॅप्सूल उघडून गोळ्या मोजण्याचे व भिंगाखाली मापण्याचे काम भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी केले असून त्यांत बरीच तफावत आढळली. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यावी लागते. आम्लपित्तावरील औषधे बरोबर घेतल्यास शोषण घटते. औषधाबरोबरच घरातील बाधित व्यक्तींवर एकाच वेळी उपचार करणे, टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी ठेवून गरम पाण्यात धुणे व उन्हात वाळवणे यांचीही शिफारस केली जाते.

परदेशांतील प्रसार : जर्मनी, फ्रान्स, डेन्मार्क, कॅनडा इत्यादी देशांत इंडोटिनीचे रुग्ण आढळले असून त्यांतील अनेकांचा दक्षिण आशियाशी संबंध होता. अमेरिकेतील पहिल्या दोन रुग्णांची न्यूयॉर्कमधील नोंद मे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. एक रुग्ण बांगलादेशात जाऊन आलेली होती. दुसरीने मात्र अलीकडे परदेशप्रवास केलेला नव्हता, त्यामुळे तेथे स्थानिक प्रसार होत असावा असे मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १९ अग्रक्रमाच्या रोगकारक कवकांच्या यादीत एकाही त्वक्कवकाचा समावेश नाही.