डिजिटल पोर्टफोलिओ (शालेय)

शाळेत केलेल्या कामातून विद्यार्थ्याने स्वतः निवडलेले लेखन, चित्रे, प्रयोगांच्या नोंदी, ध्वनिफिती व चित्रफिती यांचा संकेतस्थळावर मांडलेला संग्रह म्हणजे डिजिटल पोर्टफोलिओ. हे काम का निवडले, आधी काय चुकले, मग काय बदलले, हे सांगणारा मजकूर प्रत्येक कामासोबत विद्यार्थ्यानेच लिहिलेला असतो. तो नसेल तर उरतो फक्त फोटोंचा अल्बम. मराठीत ‘संचिका’ असाही शब्द आहे. पण संचिका म्हटले की कार्यालयातली फाइल डोळ्यांपुढे येते.

मुलांचे लिखाण वर्गाबाहेरच्या वाचकापर्यंत नेण्याची धडपड संगणकाच्या कितीतरी आधीची आहे. फ्रान्समधील शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात बार-स्युर-लू गावातल्या आपल्या शाळेत एक लहान मुद्रणयंत्र आणले. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे त्यांना फार वेळ बोलून शिकवणे जमत नसे. मुले आपलेच मजकूर छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवून छापू लागली आणि ते कागद पार फ्रान्सच्या पश्चिम टोकाला ब्रिटनी प्रांतातल्या एका शाळेकडे टपालाने जाऊ लागले. तिकडच्या मुलांचे लिखाण इकडे येई.

महाराष्ट्रातल्या शाळांनी ही हौस हस्तलिखितावर भागवली. कार्डशीटचे मुखपृष्ठ, कडेने स्केचपेनची वेलबुट्टी आणि अक्षर चांगले असलेल्या दोन-तीन मुलांनी बसून उतरवलेले सगळ्या वर्गाचे लेख. कविता एकीची, अक्षर दुसरीचे. प्रत एकच, गॅदरिंगला पाहुण्यांनी चाळली की कपाटात जायची. हस्तलिखितात खाडाखोड चालत नसे. पोर्टफोलिओचा सगळा जीव मात्र त्या खाडाखोडीतच असतो, आणि दोहोंतला खरा फरक हाच. कागद की पडदा, हा नंतरचा.

समजा, सातवीतल्या मुलीने मटकीला मोड आणण्याचा प्रयोग केला. एक वाटी खिडकीत, एक कपाटात. तिच्या पानावर सर्वांत वर पहिल्या तक्त्याचा फोटो आहे. त्यात दिवस आहेत, मोडांची लांबी आहे, पण पाण्याचे प्रमाण नाही. कडेला बाईंचा लाल शेरा : ‘पाणी किती?’ खाली दुसरा तक्ता, या वेळी दोन्ही वाट्यांना रोज चहाच्या चमच्याने दोन चमचे पाणी. आणि शेवटी तिचे म्हणणे : ‘कपाटातले मोड लांब आणि फिकट आले. पहिल्या वेळी पण लांबच आले होते, पण तेव्हा तिथे पाणी जास्त पडलं असेल तर मला कळलंच नसतं.’ ही शेवटची ओळ गुणपत्रकात कुठेच बसत नाही. ती मोठ्यांनी ‘सुधारून’ दिली तर पानात काहीच उरणार नाही. पालकांनी सजवलेले पान तर न टाकलेलेच बरे.

अमेरिकेत १९८० च्या दशकात परीक्षेला पर्याय म्हणून कागदी पोर्टफोलिओ पुढे आले. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क ईस्ट सेकंडरी स्कूलमध्ये विद्यार्थी समितीपुढे आपले काम मांडून उत्तीर्ण होत. व्हर्माँट राज्याने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चौथी व आठवीच्या लेखन आणि गणितासाठी राज्यभर पोर्टफोलिओ लागू केले. पण एकाच कामाला दोन परीक्षकांचे गुण जुळेनात, असे रँड या संस्थेच्या अभ्यासात दिसले. यातून पोर्टफोलिओ निकामी ठरत नाही. शिकणे दाखवायला तो उत्तम आहे, मुलांचे क्रमांक लावायला नाही.

मग इंटरनेट आले. १९९६ मध्ये सुरू झालेल्या थिंकक्वेस्ट स्पर्धेत निरनिराळ्या देशांतील मुलांचे गट मिळून माहितीपर संकेतस्थळे बांधत. सॅन डिएगोत २००० साली उघडलेल्या हाय टेक हाय या शाळेत विद्यार्थी आपापले संकेतस्थळ सांभाळतात आणि शिक्षक-पालकांसमोर आपण काय शिकलो ते सांगतात. न्यूझीलंडमध्ये २००६ मध्ये तयार झालेली माहारा ही मुक्त प्रणाली याच कामासाठी आहे; त्या माओरी शब्दाचा अर्थच ‘विचार करणे’.

महाराष्ट्रात २०१० पासून लागू झालेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात उपक्रम, प्रकल्प, प्रात्यक्षिक यांना आकारिक, म्हणजे शिकता-शिकता वर्षभर होणाऱ्या, मूल्यमापनात स्थान मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील समग्र प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याने स्वतःचे मूल्यमापन करणेही येते. त्याच वर्षी टाळेबंदीत घरोघरचा अभ्यास फोटो काढून व्हॉट्सॲप गटांवर जाऊ लागला. ढिगाने काम गोळा झाले, पण त्यातून निवड कोणी केली नाही आणि फोनची जागा भरली तसे ते पुसलेही गेले.

मुलाचे नाव, चेहरा, शाळा आणि गाव एकाच पानावर येणे धोक्याचे असते. अमेरिकेतील १९९८ चा कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती ऑनलाइन गोळा करण्यास पालकांची संमती मागतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ही वयोमर्यादा अठरा आहे. म्हणून अनेक ठिकाणी पोर्टफोलिओ फक्त शिक्षक आणि घरच्यांनाच दिसतो. हे योग्यच आहे : आजी आणि वर्गमित्र एवढे वाचक लाभले तरी मुलाची लेखणी बदलते.

टिकाऊपणाचे दुखणे मात्र मोठे आहे. कोणालाही फुकट संकेतस्थळ बांधू देणारे जिओसिटीज २००९ मध्ये (जपान वगळता) बंद झाले, थिंकक्वेस्ट २०१३ मध्ये आणि मिळून पाने लिहिण्यासाठी शिक्षकांच्या आवडीचे विकीस्पेसेस २०१८ मध्ये. त्यांच्यासोबत मुलांची असंख्य पाने मिटली. शाळेने दिलेले खातेही मूल शाळेतून गेले की बहुधा बंद होते. काम मुलाचे असते, तेव्हा शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत त्याच्या सगळ्या पानांची प्रत पेनड्राइव्हवर त्याच्या हाती द्यावी. पहिल्या, चुकलेल्या तक्त्यांसकट.