मेमरी शिल्लक दिसते, तरी सर्व्हर स्वॅप का करतो?

एकाहून अधिक नोडच्या सर्व्हरवर लिनक्स कर्नल मेमरी कशी वाटतो, याबद्दल आमच्या ग्राहकांसाठी माहिती

स्वॅप म्हणजे रॅममधला काही भाग कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) डिस्कवर नेऊन ठेवणे; त्याने सर्व्हर संथ होतो. सर्व्हर संथ झाला की बहुतेकदा पहिली मागणी येते ती रॅम वाढवण्याची. दोन सॉकेटच्या (म्हणजे दोन प्रोसेसरच्या) मशीनवर मात्र आम्ही आधी विचारतो: मेमरी किती आहे ते ठीक, पण ती आहे कुठे? नवी रॅम मागवण्याआधी हे पत्रक वाचावे, अशी विनंती आहे. पैसे खर्च करूनही तोच त्रास पुन्हा सुरू झाला, असे तुमच्या बाबतीत होऊ नये.

प्रत्येक सॉकेटची आपली मेमरी

पूर्वी दोन्ही प्रोसेसर एकाच सामाईक मार्गाने मेमरीपर्यंत जात. २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आतच आणला, आणि २००९ मध्ये इंटेलच्या झिऑन ५५०० मालिकेनेही तीच वाट धरली. तेव्हापासून प्रत्येक सॉकेटला आपापले रॅमचे स्लॉट असतात. समोरच्या सॉकेटची मेमरीही वापरता येते, पण त्यासाठी दोन सॉकेटना जोडणारा दुवा ओलांडावा लागतो. त्यात वेळ जातो, आणि दुव्यावर गर्दी असेल तर आणखी जातो. या रचनेला न्यूमा म्हणतात. प्रोसेसरचे काही कोअर आणि त्यांच्या जवळची मेमरी मिळून एक नोड होतो.

तुमचा सर्व्हर एकाच सॉकेटचा असला तरी हे पत्रक बाजूला ठेवू नका. एएमडीच्या एपिक प्रोसेसरमध्ये बायोसच्या एका सेटिंगने एकच सॉकेट १, २ किंवा ४ नोड म्हणून दिसू शकतो. इंटेलच्या सर्व्हर प्रोसेसरमध्येही सॉकेटचे असे तुकडे पाडण्याची सोय आहे.

न्यूमासीटीएल या कमांडला हार्डवेअर हा पर्याय दिला की नोड किती, प्रत्येकात मेमरी किती आणि त्यांच्यातले अंतर किती, हे समोर येते. स्वतःच्या मेमरीचे अंतर नेहमी १० लिहिलेले असते. दुसऱ्या सॉकेटसाठी २० किंवा २१ हे आकडे बऱ्याचदा दिसतात. हे आकडे मशीनच्या फर्मवेअरने सांगितलेले असतात, कोणी मोजलेले नसतात. त्यामुळे २१ म्हणजे नेमका दुप्पट वेळ, असे धरू नये.

कर्नल पेज कुठून देतो

लिनक्स प्रत्येक नोडचा हिशेब वेगळा ठेवतो: मोकळ्या पेजेसच्या (मेमरीच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांच्या) याद्या वेगळ्या, मोकळ्या जागेच्या किमान पातळ्या वेगळ्या, आणि मेमरी मोकळी करणारा केस्वॅपडी हा कर्नलचा थ्रेडही (स्वतंत्रपणे चालणारे काम) प्रत्येक नोडला वेगळा. प्रोसेसच्या यादीत केस्वॅपडी०, केस्वॅपडी१ अशी नावे दिसतात ती यामुळेच.

प्रोग्रामने मेमरी मागितली की कर्नल लगेच काहीच देत नाही. तो फक्त पत्त्यांची जागा राखून ठेवतो. त्या पत्त्यावर पहिल्यांदा काही लिहिले जाते तेव्हा खरे पेज दिले जाते (नेहमीचे पेज ४ किलोबाइटचे), आणि लिहिणारा थ्रेड त्या क्षणी ज्या नोडवर चालू असेल त्याच नोडमधून दिले जाते. तिथे जागा नसेल तर कर्नल जवळच्या दुसऱ्या नोडकडे वळतो.

नियम साधा आणि बहुतेक कामांसाठी चांगला आहे. छोटे प्रोग्राम, वेब सर्व्हर, स्वतंत्र चालणाऱ्या प्रोसेस यांना यातून जवळचीच मेमरी मिळते. तो अडचणीत आणतो मोठ्या डेटाबेसला. समजा सर्व्हरमध्ये दोन नोड आहेत आणि प्रत्येकात १२८ जीबी. डेटाबेस सुरू होताना एकच थ्रेड १२० जीबीचा बफर (डेटा हाताशी ठेवण्याची मेमरीतली जागा) भरून घेतो. तो थ्रेड पहिल्या नोडवर असेल, तर सगळा बफर त्याच नोडवर जाऊन बसतो. पुढे कामाला लागणारे निम्मे थ्रेड दुसऱ्या सॉकेटवर असतात, आणि त्यांची बफरची प्रत्येक फेरी दुवा ओलांडूनच होते. शिवाय सगळा भार एकाच मेमरी कंट्रोलरवर पडतो, दुसरा जवळजवळ रिकामा बसतो.

आता स्वॅपचे बघू. दुसऱ्या नोडवर हळूहळू फाइलींची कॅश (डिस्कवरच्या फाइलींची मेमरीतली प्रत) साठत जाते. कॅश कधीही सोडता येते, म्हणून एकूण आकड्यांत "उपलब्ध" मेमरी भरपूर दिसत राहते. पण दोन्ही नोडची मोकळी जागा खालच्या पातळीला पोचली की दोन्हीकडचे केस्वॅपडी जागे होतात. दुसऱ्या नोडचा थ्रेड कॅश टाकून मोकळा होतो. पहिल्या नोडवर टाकण्यासारखी कॅशच नसते, तिथे डेटाबेसची पेजेस असतात. ती स्वॅपवर जातात. म्हणूनच एकूण आकडा निरोगी दिसत असताना तुमची क्वेरी डिस्कची वाट बघत थांबते.

जुन्या कर्नलवर याला आणखी एक कारण होते. झोन रिक्लेम नावाच्या सेटिंगमुळे, दूरच्या नोडमध्ये जागा असूनही कर्नल आधी जवळचाच नोड रिकामा करायला घेई. २०१४ मध्ये आलेल्या ३.१६ आवृत्तीपासून ते मुळातच बंद असते. तरीही एखाद्या जुन्या ट्यूनिंगच्या फाइलीत कोणी ते चालू करून ठेवलेले नाही ना, हे आम्ही तपासतोच.

आम्ही काय बदलतो

सगळ्या थ्रेडना सारखाच लागणारा मोठा बफर असेल तर इंटरलीव्ह: पेजेस आळीपाळीने सगळ्या नोडवर. जवळपणाचा फायदा यात अर्धा सोडावा लागतो, पण भार दोन्ही कंट्रोलरवर पडतो आणि एकच नोड तुडुंब भरत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये इनोडीबीच्या (त्याच्या साठवणुकीच्या इंजिनच्या) बफरसाठी हे ५.७ आणि त्यानंतरच्या मालिकांत सेटिंगनेच करता येते. मोंगोडीबी या डेटाबेसच्या अधिकृत माहितीतही न्यूमा मशीनवर इंटरलीव्हचाच सल्ला आहे.

एका नोडमध्ये मावणाऱ्या कामासाठी, उदाहरणार्थ मध्यम आकाराच्या व्हर्च्युअल मशीनसाठी, उलट करतो: तिचे कोअर आणि मेमरी एकाच नोडवर ठेवतो. इथे बाइंड आणि प्रिफर्ड असे दोन पर्याय असतात. बाइंड म्हणजे याच नोडमधून, दुसरीकडून नाहीच. तो नोड भरला तर शेजारी कितीही मेमरी मोकळी असो, आधी स्वॅप होतो आणि मग कर्नल प्रोसेस मारून टाकतो. आम्ही शक्यतो प्रिफर्ड वापरतो, म्हणजे आधी याच नोडमधून, तिथे नसेल तर दुसरीकडून. जागा संपली तर काम थोडे मंदावते, बंद पडत नाही. बाइंड हवाच असा तुमचा आग्रह असेल, तर त्या नोडवरची मोकळी मेमरी सतत पाहणारी सूचना आधी लावून घेऊ.

ह्यूज पेजेस (नेहमीपेक्षा बरीच मोठी पेजेस) राखून ठेवणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. दोन नोडच्या मशीनवर एकूण ६४ जीबी मागितली, तर कर्नल ती नोडवर सारखी वाटतो, म्हणजे ३२ आणि ३२. पहिल्या नोडला बाइंड केलेल्या व्हर्च्युअल मशीनला त्यातली ३२ जीबीच मिळते, आणि तिला त्याहून जास्त हवी असेल तर ती सुरूच होत नाही. अशा वेळी प्रत्येक नोडचा आकडा वेगळा द्यावा लागतो.

स्वयंचलित संतुलनाची सोयही कर्नलमध्ये आहे. ३.८ आवृत्तीत तिचा पाया घातला गेला आणि २०१४ च्या सुरुवातीला आलेल्या ३.१३ मध्ये ती बरीच सुधारली. कर्नल प्रोसेसच्या पत्त्यांचा एकेक भाग घेऊन तिथली पेजेस तात्पुरती अगम्य करतो. पुढच्या वेळी कोणी त्यांना हात लावला की कोणत्या नोडवरून लावला हे कळते, आणि तोच नोड पुन्हा दिसला तर पेज तिकडे हलवले जाते. स्वतंत्र कामांसाठी ही सोय खरोखर उपयोगी आहे. दोन्ही सॉकेटचे थ्रेड एकच पेज वापरत असतील तर मात्र हलवून काही साधत नाही आणि तपासणीचा खर्च तेवढा उरतो. मशीन बंद न करता ही सोय थांबवता येते, म्हणून आम्ही तुमच्या खऱ्या कामावर दोन्ही प्रकारे मोजून मगच ठरवतो.

कर्नलची स्वतःची बरीचशी मेमरी मात्र अशी हलवता येत नाही. ती जिथे घेतली तिथेच राहते. नेटवर्क कार्ड आणि एनव्हीएमई डिस्कही कोणत्यातरी एका सॉकेटलाच जोडलेल्या असतात. जड काम त्याच बाजूला ठेवणे हा आमचा पहिला प्रयत्न असतो.

रॅम वाढवायचीच असेल तर

दोन्ही सॉकेटवर सारखी बसवा. सगळ्या नव्या पट्ट्या एकाच बाजूला लावल्या तर मशीन चालते, एकूण आकडाही बरोबर दिसतो, पण एक नोड श्रीमंत आणि दुसरा कंगाल होतो. बायोसमध्ये नोड इंटरलीव्हिंग हा पर्यायही असतो. तो चालू केला की कर्नलला नोडच दिसत नाहीत आणि वर सांगितलेले काहीच करता येत नाही. आम्हाला विचारल्याशिवाय तो बदलू नये.

आम्हाला कळवताना

सोबत न्यूमासीटीएलची वर सांगितलेली माहिती आणि न्यूमास्टॅट या कमांडचा निकाल पाठवा. डेटाबेस असेल तर त्याच्या प्रोसेसचा क्रमांक देऊन काढलेला निकालही. न्यूमास्टॅटमधला "मिस" हा आकडा किती पेजेस हव्या त्या नोडऐवजी दुसरीकडून दिली गेली तेवढेच सांगतो, पुढे ती कोणी कुठून वापरली हे सांगत नाही. त्यामुळे तो आकडा छोटा दिसला म्हणून निश्चिंत राहू नका. हे आकडे मशीन सुरू झाल्यापासूनचे असतात आणि रीस्टार्ट केले की पुसले जातात. म्हणून सर्व्हर संथ असतानाच, काही मिनिटांच्या अंतराने दोनदा निकाल काढून ठेवा आणि रीस्टार्ट त्यानंतरच करा.