भिंतीत वटवाघळांना जागा: ही कल्पना आली कुठून?

इंग्लंडमध्ये नव्या घराच्या बाहेरच्या भिंतीत, वळचणीच्या जरा खाली, कधी कधी एक वेगळी वीट दिसते. तळाशी बोटभर चीर, आत पोकळी. ही जागा वटवाघळांसाठी. आज ती विकत आणून बसवावी लागते; पूर्वी ती आपोआप मिळायची. कौलांखालची सांद, दुहेरी भिंतीमधली पोकळी, लाकूड आणि वीट यांच्यात राहून गेलेलं अंतर, एवढ्यावर जेमतेम पाच-सहा ग्रॅम वजनाच्या पिपिस्ट्रेल वटवाघळांचं भागत होतं. आपल्या जुन्या वाड्यांमधल्या पाकोळ्या, म्हणजे लहान वटवाघळंही, अशाच सांदीकोपऱ्यांत राहत आल्या आहेत.

मुद्दाम घर बांधून देण्यामागे मात्र भूतदया नव्हती, डास होते. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचे डॉक्टर चार्ल्स कॅम्पबेल यांना मलेरिया हटवायचा होता. वटवाघळं डास खातात, तर त्यांनाच वस्तीला आणावं, असा त्यांचा हिशेब. सुरुवातीचे प्रयोग फसले. १९११ मध्ये मिचेल तलावाकाठी उभारलेल्या मनोऱ्यात मात्र वटवाघळं खरोखर आली, आणि खाली साचणारी विष्ठा खत म्हणून विकता येई तो फायदा वेगळाच. मलेरिया कमी झाल्याचं श्रेय कॅम्पबेलनी वटवाघळांना दिलं, ते मला जरा घाईचं वाटतं. तिथल्या मोकळ्या शेपटीच्या (फ्री-टेल्ड) वटवाघळांच्या खाण्यात पतंगांचा वाटा मोठा असतो.

हाच आराखडा फ्लोरिडात सपशेल पडला. रिक्टर पर्की यांनी १९२९ मध्ये शुगरलोफ की या बेटावर तसाच मनोरा बांधला, कारण डासांमुळे त्यांच्या मासेमारीच्या विश्रामस्थळी कुणी टिकेना. आमिषही ठेवलं. वटवाघळांनी तिथे बिऱ्हाड केलं नाही ते नाहीच. २०१७ च्या इर्मा चक्रीवादळाने तो पाडेपर्यंत मनोरा रिकामाच उभा होता.

उलट ऑस्टिन शहरात कुणाच्या मनातही नसताना काम झालं. १९८० मध्ये काँग्रेस अव्हेन्यू पुलाची पुनर्बांधणी झाली. त्यात काँक्रीटच्या तुळयांमध्ये सुमारे इंचभर रुंद पण खोलवर जाणाऱ्या फटी राहिल्या, आणि वटवाघळांनी त्या व्यापल्या. लोक आधी घाबरले, त्यांना हुसकावण्याची मागणी झाली. वटवाघळांचे अभ्यासक मर्लिन टटल यांनी आपली वटवाघूळ संवर्धनाची संस्था १९८६ मध्ये ऑस्टिनला हलवली आणि समजावण्याचं काम हाती घेतलं. आता उन्हाळ्यात तिथे पंधरा लाखांपर्यंत वटवाघळं असतात आणि संध्याकाळी पर्यटक पुलावर गर्दी करतात. इंजिनिअरांना यातून नेमकं माप मिळालं: अरुंद, खोल, खडबडीत आणि उबदार फट.

ब्रिटनमध्ये हा विषय भिंतीपर्यंत आणला कायद्याने. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने वटवाघळांबरोबर त्यांच्या वसतीच्या जागेलाही संरक्षण दिलं, ती जागा त्या घडीला रिकामी असली तरी. कारण साधं आहे. माद्या दर उन्हाळ्यात त्याच उबदार जागी पिल्लं घालायला परततात, आणि पिल्लू सहसा वर्षाला एकच. एक जागा गेली की नुकसान भरून यायला वर्षं लागतात. त्याच सुमारास इंधन वाचवण्यासाठी पोकळ भिंती भरल्या जाऊ लागल्या, फटी बुजू लागल्या. वटवाघळांच्या वसतीची फट बुजवणं गुन्हा आणि हवाबंद घर बांधणं हे धोरण, अशा कात्रीतून ही वीट पुढे आली. तिची पोकळी घराच्या आत उघडत नाही, विष्ठा खालच्या चिरेतून बाहेर पडते. ती उंचावर, उन्हाच्या बाजूला, दिव्यांपासून लांब बसवावी लागते.

सगळे प्रश्न विटेने सुटले असं नाही. छताखाली अंथरायच्या बाष्प बाहेर जाऊ देणाऱ्या आधुनिक पडद्याचे धागे वटवाघळांच्या नख्यांनी सुटतात आणि त्यांच्यातच ती अडकून मरतात, हे पुढे लक्षात आलं. शिवाय नवी वीट बसवली म्हणून वटवाघळं येतीलच याची खात्री नसते. पर्कींचा मनोरा आठवावा. म्हणून बांधकामाचा विचार करताना जुनी फट राखता येईल का, हे ब्रिटनमध्ये आधी पाहिलं जातं. नव्या विटेचा नंबर त्यानंतर लागतो.