ऑपरेशनचा सरकारी भाव

मोफत उपचार देणाऱ्या राज्य सरकारच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कारभार मुंबईत वरळीच्या जीवनदायी भवनातून चालतो. योजनेतल्या रुग्णालयाला प्रत्येक उपचारामागे आधीच ठरलेली ठोक रक्कम मिळते, तिला पॅकेज म्हणतात. खाट, सर्जन, भूलतज्ज्ञ, औषधं, तपासण्या, जेवण, सगळं त्यातच. 2012 मध्ये राजीव गांधींच्या नावाने ही योजना सुरू झाली, तेव्हा तर घरी परतायचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडंही त्यात धरलं होतं!

हा आकडा येतो कुठून? पूर्वी भर असायचा तो तज्ज्ञांच्या अंदाजावर आणि जुन्या योजनांच्या याद्यांवर. शास्त्रशुद्ध मार्ग खर्च मोजण्याचा, आणि तो भलताच किचकट. टाके आणि औषधं मोजता येतात. पण ऑपरेशन थिएटरची वीज, लाँड्री, लेखा विभागाचे पगार एका रुग्णाच्या नावावर किती टाकायचे? मग वीज जागेच्या क्षेत्रफळावर वाटतात, लाँड्री खाटेच्या दिवसांवर, सर्जनचा पगार त्याच्या मिनिटांवर. त्यातही मेख अशी, की निम्म्या खाटा रिकाम्या असल्या तर तेच पगार कमी रुग्णांवर वाटले जातात आणि तेच ऑपरेशन कागदावर महाग दिसतं.

शिवाय खर्च कोणाचा धरायचा? केईएमच्या डॉक्टरांचा पगार महापालिका देते. उपनगरातल्या खासगी नर्सिंग होमला तो पॅकेजमधूनच काढावा लागतो, वर मुंबईचं भाडं. केंद्राच्या आयुष्मान भारत आरोग्य योजनेच्या 2022 च्या दरयादीत शहराच्या प्रकारानुसार वेगळे दर आले, ते म्हणूनच.

तरीही दर शेवटी सरासरीचाच. समजा दर 20,000 आहे. धडधाकट तरुण 14,000 त बरा होतो, मधुमेही आजींना 35,000 लागतात. तरुण जास्त आणि आजींसारखे थोडे असे दोन्ही प्रकारचे रुग्ण आले तर हिशेब जुळतो, पण आजींना ‘खाट नाही’ सांगून मोठ्या सरकारी रुग्णालयाकडे वळवलं, की तोटा तिकडे जातो. दर फार कमी ठेवणं म्हणजे बचत, हे मला म्हणूनच पटत नाही.

यावर उतारा म्हणून अमेरिकेच्या मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने, 1983 मध्ये निदानगटांवर आधारित दर आणले. आजार, वय, गुंतागुंत पाहून रुग्णाचा गट ठरतो आणि गटाप्रमाणे पैसे. आजींचा दर वाढला. पण गुंतागुंतीला जादा पैसे मिळतात म्हटल्यावर कागदोपत्री गुंतागुंतीही वाढू लागतात, आणि विमा देणाऱ्याला केसपेपर तपासणारी माणसं नेमावी लागतात.