लांडग्यांची हंगामी शिकार आणि लांडग्याचा बंदोबस्त: दोन्ही एक नव्हेत

अमेरिकेत लांडगे मारल्याची बातमी मराठीत आली की तिच्याखाली दोन प्रतिक्रिया हमखास सापडतात. एक, ‘आपल्याकडे अवनीला मारलं तसंच हे’. दुसरी, ‘तिथले शिकारी गुरं खाणारे लांडगे टिपतात, म्हणून शेतकरी निर्धास्त’. पहिली निषेधाची, दुसरी कौतुकाची, पण दोघांचा घोटाळा एकच. परवाना काढून हंगामात केलेली शिकार वेगळी आणि त्रासदायक जनावराचा सरकारी आदेशाने केलेला बंदोबस्त वेगळा. कायदा, माणसं, वेळ, हिशेब, काहीच जुळत नाही.

बंदोबस्त म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ११, मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश, आधी बेशुद्ध करून पकडायचा प्रयत्न आणि ते जमत नसेल तरच गोळी. २०१८ मध्ये यवतमाळच्या टी-१ वाघिणीच्या, म्हणजे अवनीच्या वेळी यातलं एकेक पाऊल कोर्टापासून चहाच्या टपरीपर्यंत चघळून झालं आहे. अमेरिकेतला लांडग्याचा बंदोबस्त याच जातकुळीचा. फक्त तिथे प्रश्न माणसांपेक्षा वासरांचा आणि मेंढरांचा असतो.

तो होतो कसा, ते थोडक्यात. वासरू मेलेलं सापडलं की मालकाने ते जागचं हलवायचं नाही, वर ताडपत्री टाकायची आणि राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करायचा. तपासायला आलेला माणूस कातडं सोलतो. चाव्याच्या खुणेखाली मांसात रक्त साकळलेलं दिसलं तर चावा जिवंतपणी बसला. नसेल तर वासरू आधीच मेलेलं होतं आणि लांडग्याने नंतर तोंड घातलं. त्यावरून ‘खात्रीशीर’ किंवा ‘संभाव्य’ असा शेरा पडतो. वॉशिंग्टन राज्याच्या नियमावलीत ३० दिवसांत ३ किंवा १० महिन्यांत ४ घटना झाल्या, आणि मालकाने लांडगे बुजवायला लावलेली लाल चिंध्यांची दोरी, राखणीची कुत्री, घोड्यावरचा राखणदार यांसारखे किमान दोन उपाय करून पाहिलेले असले, तरच मारण्याचा विचार होतो. आदेश निघतो तो ठरावीक टोळीविरुद्ध, ठरावीक आकड्याचा. अंमलबजावणी बहुतेक वेळा सरकारी माणसं करतात.

आता दुसरी गोष्ट, जिथे बहुतेकांचा पाय घसरतो.

हंगामी शिकारीत समोरचा लांडगा कोण आहे याला काडीचंही महत्त्व नाही. त्याने गुरं मारलीत का, तो कुठल्या टोळीचा, टोळीची मुख्य मादी आहे का, गळ्यात संशोधकांचा रेडिओ पट्टा आहे का, यातलं काहीही कायदा विचारत नाही. कायदा विचारतो एवढंच: परवाना आहे का, हंगाम चालू आहे का, त्या विभागाला कोटा (मारायच्या लांडग्यांची ठरलेली संख्या) असेल तर तो शिल्लक आहे का, आणि मारल्यावर वेळेत कळवलंस का. बंदोबस्तात ओळख पटवावी लागते, हंगामात फक्त मोजदाद होते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातली ८३२एफ ही मादी, जिला लोक ‘०६’ म्हणून ओळखत. डिसेंबर २०१२ मध्ये ती उद्यानाबाहेर सुमारे २४ किलोमीटरवर, वायोमिंग राज्याच्या हद्दीत, एका परवानाधारक शिकाऱ्याच्या गोळीने मेली. गळ्यात जीपीएस पट्टा होता. त्याच्या नोंदींप्रमाणे ती जवळजवळ सगळा वेळ उद्यानातच असायची. शिकार पूर्ण कायदेशीर होती. ‘मग तिचा गुन्हा काय?’ असं जो विचारतो, तो हंगामाला बंदोबस्ताचा प्रश्न विचारतो. तिच्यावर आरोप नव्हताच, तो लागतही नव्हता.

उलट बाजूने पाहा. ‘शिकारी शेतकऱ्याचा त्रास कमी करतात’ हा दावा करणाऱ्यांनी आधी तारखा बघाव्यात. गुरं डोंगरातल्या कुरणांवर चरतात उन्हाळ्यात. हंगाम असतो बहुतेक ठिकाणी शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, तेव्हा गुरं खाली गोठ्याजवळ आलेली असतात. बरेच शिकारी मुळात एल्कच्या मागे गेलेले असतात (एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद). वाटेत लांडगा दिसला आणि खिशात त्याचाही परवाना असला तर गोळी झाडतात. वासरू मारणारी टोळी त्यांच्या वाटेत आलीच तर योगायोगाने. लांडगे मारल्याने पुढच्या वर्षी गुरांवरचे हल्ले घटतात की वाढतात, यावर २०१४ मध्ये एक निष्कर्ष निघाला आणि २०१६ मध्ये त्याच आकडेवारीवरून दुसऱ्यांनी नेमका उलटा काढला. तेव्हा या मुद्द्यावर छातीठोक बोलणारा कुठल्याही बाजूचा असो, त्याला जरा दुरूनच नमस्कार.

हंगाम संख्येवर चालतो, म्हणून तो बिघडतोही संख्येतच. विस्कॉन्सिन राज्याचा फेब्रुवारी २०२१ चा हंगाम हा याचा धडा. एकूण कोटा २००. त्यातले ८१ करारानुसार ओजिब्वे या मूळनिवासी जमातींच्या वाट्याचे, ११९ राज्याच्या परवानाधारकांचे. जमातींनी आपला वाटा मारला नाही, राखला. परवानाधारकांनी तीन दिवसांच्या आत २१८ मारले, म्हणजे वाट्यापेक्षा ९९ जास्त.

कारणं उघड होती. एरवी कोट्यातल्या दर लांडग्यामागे १० परवाने असायचे, यावेळी २० ठेवले. शिकार कळवायला २४ तासांची मुभा. विभाग बंद करायचा तर कायद्याने आणखी २४ तासांची पूर्वसूचना. म्हणजे कोटा भरल्याचं कार्यालयाला कळून गोळीबार थांबेपर्यंत दोन दिवस जाऊ शकतात. त्यात ताजा बर्फ, त्यावर स्पष्ट उमटलेले माग आणि मागावर सोडलेली शिकारी कुत्री. मारलेल्यांपैकी बहुतेक कुत्र्यांच्या मदतीनेच मारले गेले. शिवाय तो लांडग्यांच्या मीलनाचा काळ होता, म्हणजे गाभण माद्याही त्यात असणार. यातल्या कुठल्याही शिकाऱ्याने नियम मोडला असं म्हणायची गरज नाही. यंत्रणाच इतक्या सैल दोरीने बांधली होती की आकडा निसटणारच होता.

मोंटाना राज्यात बिघाड वेगळ्या तऱ्हेचा. यलोस्टोनला लागून असलेल्या दोन विभागांत पूर्वी फार छोटा कोटा असे. २०२१ मध्ये तो काढला. त्या हिवाळ्यात उद्यानाची हद्द ओलांडलेले उद्यानातले २५ लांडगे मारले गेले, त्यातले बहुतेक मोंटानात. राज्यभराच्या संख्येत २५ म्हणजे किरकोळ, उद्यानाच्या टोळ्यांना तो मोठा घाव. कोटा कुठल्या विभागाचा, हे एकूण कोटा किती याच्याइतकंच महत्त्वाचं असतं. बातम्यांत मात्र फक्त एकूण आकडा छापतात.

तिथून संपलेले लांडगे परत आणण्यात शिकाऱ्यांचा वाटा किती, याचं उत्तर छोटं आहे. १९९५ आणि १९९६ मध्ये कॅनडातून ६६ लांडगे आणले, ३१ यलोस्टोनला आणि ३५ आयडाहोत. काम केंद्र सरकारचं होतं, धोक्यातल्या प्रजातींच्या कायद्याखाली. त्या कायद्यातली ‘प्रायोगिक संख्या’ ही सवलत मुद्दाम वापरली, म्हणजे गुरांवर तुटून पडलेला लांडगा हटवायला वाव राहील. थोडक्यात, बंदोबस्त पहिल्या दिवसापासून योजनेत होता. हंगाम खूप नंतर आला. मोंटाना, आयडाहो आणि वायोमिंग या तीन राज्यांत मिळून ३०० लांडगे आणि ३० प्रजननक्षम जोड्या, सलग तीन वर्षं, हे लक्ष्य २००२ च्या अखेरीस गाठलं. मग कोर्टकचेऱ्या. शेवटी २०११ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, अर्थसंकल्पी विधेयकात कलम घुसवून मोंटाना आणि आयडाहोतल्या लांडग्यांचं केंद्रीय संरक्षण काढलं आणि तिथले हंगाम पक्के झाले.

पैशाबद्दलही एक वाक्य फार फिरतं: ‘शिकारीच वन्यजीव रक्षणाचा खर्च उचलतात.’ अर्धं खरं. १९३७ च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के उत्पादन कर आहे, तो राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो आणि त्यावर एल्क, हरणं, टर्की खरंच सावरले. पण त्यावरून लांडगेही शिकाऱ्यांच्या पैशाने परत आले म्हणणं ही थाप आहे. धोरणात शिकाऱ्यांचं वजन आहे ते राज्यांच्या वन्यजीव आयोगांत आणि विधिमंडळात, आणि ते भरपूर आहे.

वायोमिंग दोन्ही खान्यांत बसत नाही. वायव्य कोपऱ्यात परवाना आणि कोटा. उरलेल्या सुमारे ८५ टक्के राज्यात लांडगा नुसता ‘भक्षक प्राणी’: परवाना नको, हंगाम नको, वर्षभर मारा. याला शिकारीचं व्यवस्थापन म्हणणं मला पटत नाही, कारण मुळात मोजायची इच्छाच नाही.

आणि कोलोरॅडोच्या बातम्या वाचताना एवढं लक्षात ठेवा की तिथे लांडग्याचा हंगामच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी निसटत्या बहुमताने लांडगे आणायचं ठरवलं. डिसेंबर २०२३ मध्ये ऑरेगॉनहून १० आले, जानेवारी २०२५ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियाहून १५. कायद्याने लांडगा तिथे शिकारीचा प्राणी नाही, आणि या कामासाठी शिकार-मासेमारी परवान्यांचा पैसा वापरायलाही बंदी आहे. गुरं गेली तर जनावरामागे १५,००० डॉलरपर्यंत भरपाई मिळते. मे २०२५ मध्ये पिटकिन काउंटीत गुरांवर लागोपाठ हल्ले झाल्यावर एक लांडगा मारला, तो राज्याच्या खात्याने. त्यात परवाना काढलेला एकही शिकारी नव्हता.