कोळंबीला पाणी सुटतं तेव्हा

"हे कालवण झालं की गं! भात लावू का?" कढईत डोकावून आत्या म्हणाली.

करायच्या होत्या कोळंबी घालून झणझणीत परतलेल्या मसाला नूडल्स. बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं अरुंद स्वयंपाकघर, लोखंडी कढई, पाकिटातून नुकतीच काढलेली अर्धा किलो कोळंबी. मी ती सगळी एकदम ओतली. चर्रर्र आवाज आला, दहा सेकंदांत विरला, आणि तळाशी करडं, फेसाळ पाणी साचलं. "पाणी सुटलं," आत्या म्हणाली, आणि निदान तिथेच झालं. उरला हिशोब, तो मी त्या दुपारी कागदावर केला.

कच्च्या कोळंबीत तीन चतुर्थांशांहून जास्त पाणीच असतं. गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींची आवरणं फाडतात, म्हणून बर्फातली कोळंबी ताजीपेक्षा जास्त पाणी सोडते. अर्धा किलोतून 100 ग्रॅम पाणी सुटलं असं धरू. घरातलं पाणी 20 अंशांवरून उकळीला न्यायला ग्रॅममागे साधारण 335 ज्यूल लागतात, पण उकळलेल्या पाण्याची वाफ करायला 2,260. म्हणजे जवळपास सातपट! त्या 100 ग्रॅमची वाफ करायला 226 किलोज्यूल हवेत. घरच्या मोठ्या बर्नरची ताकद 2-3 किलोवॉट, त्यातली बरीच कढईच्या कडांवरून हवेत निसटते. दीड किलोवॉट पोटात पोचली असं मानलं, तरी सगळं पाणी उडायला अडीच मिनिटं लागणार. तेवढा वेळ कढईचा तळ 100 अंशांच्या आसपास अडकलेला, आणि कोळंबी तर दोन मिनिटांत शिजून मोकळी. म्हणजे मी ती परतलीच नव्हती, उकडली होती.

आणि उकडलेल्याला खमंगपणा येत नाही. प्रथिनांतली अमिनो आम्लं आणि साखरा यांच्यात होणाऱ्या ज्या विक्रियेतून तो तांबूस रंग आणि वास येतो, तिचं वर्णन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय माय्यार यांनी 1912 मध्ये केलं. ती झपाट्याने व्हायला 140 अंशांच्या वरची धग लागते. तळात पाणी आहे तोवर ते शक्य नाही.

कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवर हे का जमतं? तिथल्या भट्टीची आग आपल्या शेगडीच्या कितीतरी पट, पाणी सुटताक्षणीच उडतं. आपल्याकडे ती आग नाही, पण लोखंड आहे. दीड किलोची कढई 250 अंशांपर्यंत तापवली, तर तिथून 100 अंशांवर येईतो ती सुमारे 100 किलोज्यूल परत देते. तेवढ्यात 45 ग्रॅम पाण्याची वाफ होते. म्हणजे कढई ही उष्णतेची गल्ला-पेटी. आधी भरायची, मग खर्च करायची. एका वेळी सव्वाशे ग्रॅम कोळंबी टाकली तर तिचं पंचवीसेक ग्रॅम पाणी ती सहज झेलते. चार घाणे काढावे लागतात, हे कंटाळवाणं आहे, पण याला आडवाट मला तरी सापडलेली नाही. (नॉनस्टिक तवा मात्र इतका तापवू नका.)

कढई तापली की नाही, हे पाण्याच्या थेंबाने कळतं. कमी तापली असेल तर थेंब चुरचुरत उडून जातो. खूप तापली की थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि तो पाऱ्यासारखा गोल होऊन नाचतो. योहान लायडनफ्रॉस्ट यांनी 1756 मध्ये याबद्दल लिहिलं. थेंब नाचला की तेल, आणि लगेच कोळंबी.

कोळंबी गोठलेली असेल तर रात्री चाळणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावी, सकाळी फडक्याने कोरडी करावी. मग पाव किलोला अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं थांबावं, धुऊन पुन्हा पुसावं. सोड्यामुळे प्रथिनांवरचा ऋण प्रभार वाढतो, ती एकमेकांना दूर ढकलतात आणि मधल्या जागेत पाणी धरून ठेवतात. आचेवर ती कमी आवळतात, कोळंबी कुरकुरीत लागते. इथे मी एकदा फसले. सोडा न धुता वर हळद घातली, तर कच्चीच कोळंबी लालसर झाली! कपड्यावरचा हळदीचा डाग साबणाने लाल होतो, तेच हे. हळदीतलं कर्क्युमिन क्षारात रंग बदलतं.

खरा लाल रंग वेगळा. कोळंबीत ॲस्टाझँथिन हे नारिंगी रंगद्रव्य असतं, पण जिवंतपणी ते एका प्रथिनाच्या मिठीत असतं आणि म्हणून करडं-निळसर दिसतं. उष्णतेने प्रथिन उलगडतं, रंग मोकळा होतो. आतलं मांस साठ-त्रेसष्ट अंशांना दुधी आणि घट्ट झालं, की उतरवायची. ती इंग्रजी 'सी'सारखी वळली की बास. पूर्ण वाटोळी झाली म्हणजे स्नायू आवळून पाणी पिळलं गेलं.

बडोद्याच्या बाजारात येणारी कोळंबी बहुधा सुरत-नवसारीकडच्या तळ्यांतली, वेनामी जातीची. ही मूळची पॅसिफिकच्या अमेरिकेकडच्या किनाऱ्याची, भारतात तिच्या शेतीला 2009 मध्ये परवानगी मिळाली. आत्याला ती "गोडच नाही" वाटते, आणि त्याला कारण असू शकतं. खारट पाण्यात तगायला कोळंबी अंगात ग्लायसीनसारखी अमिनो आम्लं साठवते, आणि ग्लायसीन चवीला गोड. पाणी जितकं कमी खारट, तितकी साठवण कमी. आत्याच्या लहानपणी मुंबईहून सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, यायचे, त्यांच्यात पाणी फारच थोडं, म्हणून चव गच्च भरलेली. मूठभर सोडे भिजवून ते पाणी नूडल्सवर शिंपडलं तर वेनामीची उणीव बरीच भरून निघते.

मसाल्यात गणित उलटं. आलं-लसणाच्या वाटणात पाणी असतं, ते उडेतो वाटण जळत नाही. गोडा मसाला आणि तिखट मात्र कोरडे, त्यांना वाचवायला पाणी नाही. तापल्या कढईत पडले की काही क्षणांत करपतात आणि घरभर ठसका उठतो. म्हणून ते मी कोमट तेलात कालवून ठेवते. वासाची बरीच द्रव्यं आणि मिरचीतलं कॅप्सेसिन तेलात विरघळतं. शेवटच्या मिनिटाला ते तेल आणि दोन चमचे सोया सॉस.

नूडल्सचं थोडक्यात. पूर्ण शिजवायच्या नाहीत, गार पाण्याखाली धरायच्या म्हणजे बाहेरचा चिकट स्टार्च धुतला जातो, मग तेलाचा हात लावून पसरून ठेवायच्या. पाकिटावर घटकांच्या यादीत आयएनएस 500 किंवा 501 हा क्रमांक असेल तर त्यात क्षार आहे. खिचू आणि पापडात आपण पापडखार घालतो, तसाच. त्याने मैद्यातलं ग्लुटेन चिवट होतं.

सगळं झाल्यावर लिंबू. तो चवीसाठी आहेच, पण कोळंबीचा उग्र वास ज्या ट्रायमिथाइलअमाइनमुळे येतो, ते क्षारधर्मी असल्याने लिंबाच्या आम्लाने त्याचं मीठ बनतं आणि ते हवेत उडत नाही. त्याच थेंबांनी माझी लालसर हळदही पिवळी झाली होती. समोरच्या बेनची खिडकी आमच्या खिडकीला लागून, आणि त्यांच्याकडे कांदासुद्धा चालत नाही. तेव्हा आत्या लिंबू पिळते ते आधी कोळंबीच्या सालींच्या ढिगावर आणि सिंकमध्ये, मग ताटात.